उरलेले, उष्टे आणि शिळे : समारंभातले अन्न देताना कायदा नेमके काय विचारतो

गेल्या वैशाखात इंदूरच्या राजेंद्रनगर भागातल्या एका मंगल कार्यालयात माझ्या भाच्याच्या मुलाची मुंज झाली. साडेतीनशे पानांचा अंदाज धरला होता, प्रत्यक्षात अडीचशेच्या आसपास पाने उठली, आणि शेवटच्या पंगतीनंतर अर्धे पातेले मसालेभात, एक परात जिलबी, दोन डबे पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दह्यातली कोशिंबीर आणि बराचसा मठ्ठा शिल्लक राहिला. सव्वाचारच्या सुमारास कोणीतरी अन्न गोळा करणाऱ्या एका संस्थेला फोन केला. पाच वाजता दोन तरुण रिकामे डबे घेऊन आले आणि त्यांपैकी एकाने पातेल्याचे झाकण उचलण्याआधीच विचारले, “अंकल, चावल कितने बजे उतरा था?”

भात साडेअकराला चुलीवरून उतरला होता. त्या मुलाने पिशवीतून लांब दांडीचा थर्मामीटर काढला, पुसला, भाताच्या मधोमध खुपसला आणि थोडा वेळ थांबून आकडा वाचला : ४४ अंश. मग त्याने अतिशय नम्रपणे जिलबी आणि पुऱ्या घेतल्या, आणि भात, भाजी, कोशिंबीर व मठ्ठा यांना हात जोडले. आमचे काका चांगलेच बिनसले. “दान आपणच द्यायचे आणि वर परीक्षाही आपणच द्यायची?” असे ते घरी पोहोचेपर्यंत म्हणत होते.

काकांचा हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, कारण ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणत वाढलेल्या माणसाला अर्धे पातेले भात नाकारला जाणे हा अन्नाचाच अपमान वाटतो. त्या मुलाने मात्र जे केले, त्यामागे थोडे जीवशास्त्र आहे आणि थोडा कायदा आहे, आणि दोन्ही समजायला वाटतात तितके अवघड नाहीत.

तीन शब्द, तीन वेगळ्या गोष्टी

मराठीत या विषयासाठी तीन नेमके शब्द आधीपासून आहेत. उरलेले म्हणजे कोणाच्या पानात न पडलेले, वाढपाच्या भांड्यात किंवा स्वयंपाकघरात शिल्लक असलेले अन्न. उष्टे म्हणजे पानात पडलेले, कोणाचा हात वा चमचा लागलेले. आणि शिळे म्हणजे ज्याची वेळ टळून गेली आहे असे, मग ते उष्टे असो वा नसो. आपली आजी हे तीन शब्द कधीही एकमेकांच्या जागी वापरत नसे.

कायद्याची विभागणी जवळजवळ हीच आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली उरलेल्या अन्नाच्या संकलनासाठी आणि वाटपासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र नियमावली काढण्यात आली आणि ती १ जुलै २०२० पासून लागू झाली. तिच्यात ‘अतिरिक्त अन्न’ ही संज्ञा आहे. न वापरलेले, सुरक्षित, माणसाने खाण्याजोगे आणि दिले नाही तर वाया जाईल असे अन्न, एवढाच तिचा मथितार्थ आहे. उष्टे त्यात बसत नाही, शिळेही बसत नाही. गोंधळ होतो तो बुफेमुळे. पंगतीत वाढप्याच्या बादलीतला भात निःसंशय उरलेला असतो, पण बुफेच्या टेबलावर तीन तास उघड्या राहिलेल्या, शंभर जणांनी तोच डाव फिरवलेल्या भांड्यातली कोशिंबीर उरलेली म्हणायची की उष्टी? माझ्या मते टेबलावर गेलेले ते उष्ट्याच्याच जवळचे समजावे आणि आत झाकून ठेवलेले तेवढेच द्यायला काढावे.

पातेल्यात भात निवताना काय घडते

जागतिक आरोग्य संघटनेचा साधा सांगावा असा आहे : शिजवलेले गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवावे, थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, आणि शिजवलेले अन्न नुसते खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये. ५ ते ६० यांच्या मधला पट्टा हा जंतूंच्या वाढीचा पट्टा आहे, आणि आमच्या भाताचे ४४ अंश त्या पट्ट्याच्या पोटात बसतात. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार असतो, म्हणजे झाकलेले पातेले निवून निवून जिथे येते ती जागाच धोक्याची असते.

वाढीचा वेग समजण्यासाठी चक्रवाढ व्याज आठवावे. सोयीचे तापमान मिळाले तर काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. एकापासून सुरुवात धरली तर तीन तासांत नऊ दुपटी होऊन ५१२ होतात, ते फारसे वाटत नाही. पण सहा तासांत अठरा दुपटी होतात आणि आकडा २,६२,१४४ वर जातो. पहिल्या तीन तासांत जेवढे झाले त्याच्या पाचशेपटीहून अधिक पुढच्या तीन तासांत होते. त्यामुळे ‘अजून तासाभराने काय बिघडणार आहे’ या वाक्यातला तास कितवा आहे, याला फार महत्त्व आहे.

इथे साहजिक शंका येते की भात तर उकळत्या पाण्यात शिजला, मग जंतू आले कुठून? काही हात, भांडी, डाव आणि माश्या यांच्यामार्फत नंतर येतात. पण काही आधीपासून आतच असतात. बॅसिलस सीरिअस हा जंतू मातीत राहतो आणि तांदळाबरोबर घरात येतो. प्रतिकूल परिस्थितीत तो स्वतःभोवती कठीण कवच घेऊन निपचित पडतो. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. माळव्यात उन्हाळ्यात माळरान करपून जाते आणि पहिल्या पावसात तिथेच हिरवे गवत उगवते, कारण बी जमिनीत टिकून होते. तसेच इथे होते : शिजवताना गवत जळते, बी राहते, आणि भात निवू लागला की त्याला पाऊस मिळतो.

भांडे जितके मोठे, तितका हा धोका अधिक. घरातली वाटीभर आमटी अर्ध्या तासात निवते, पण पन्नास लिटरच्या पातेल्याचा मध्यभाग संध्याकाळपर्यंत कोमट राहतो, कारण उष्णता बाहेर पडायला पृष्ठभाग कमी आणि आतला ऐवज जास्त. शिवाय दाट आमटी किंवा रस्स्याच्या तळाशी हवा पोहोचत नाही, आणि क्लोस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाच्या जंतूला नेमकी अशीच कोमट, हवा नसलेली जागा आवडते. म्हणून चांगले आचारी उरलेले अन्न पातेल्यात तसेच न ठेवता चार बोटांपेक्षा कमी थराने परातींमध्ये पसरतात, लवकर निववतात आणि लगेच शीतपेटीत टाकतात; किंवा मग निवूच देत नाहीत, मंद आचेवर वाफाळते ठेवतात.

जिलबी आणि पुऱ्या का पास झाल्या, हेही यातूनच कळते. जंतूला वाढायला पाणी लागते, तेही मोकळे. जिलबीतले पाणी पाकातल्या साखरेने बांधून टाकलेले असते, जसे मुरंब्यातले असते. पुरीतले बरेचसे तळताना उडून गेलेले असते. भातात आणि उकडलेल्या बटाट्यात ते भरपूर आणि मोकळे असते. कोशिंबीर आणि मठ्ठा यांना दह्याच्या आंबटपणाचे थोडे संरक्षण मिळते हे खरे, पण त्यांना विस्तवाचा स्पर्शच नसतो. चिरणाऱ्याच्या हाताचे आणि बर्फाच्या पाण्याचे जे काही असेल ते तसेच्या तसे पोटात जाते.

‘वास घेऊन पाहिला, चांगला आहे’

वास हा नासल्याचा पुरावा आहे, सुरक्षिततेचा नाही. अन्न आंबवणारे, बुळबुळीत करणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुधा वेगळे. दुसऱ्या प्रकारचे लाखोंनी वाढले तरी भाताचा वास, रंग, चव जशीच्या तशी राहू शकते. नाकाने दिलेल्या साक्षीवर एखादे पातेले बाद करता येईल, पण पास करता येणार नाही.

‘पुन्हा खळखळून उकळले की झाले’

हा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद आहे आणि निम्मा खरा आहे. उकळल्याने जंतू मरतात. पण बॅसिलस सीरिअस भातात वाढताना एक विष तयार करतो आणि ते उकळूनही नष्ट होत नाही. माणसाच्या नाकात, त्वचेवर, बोटाच्या जखमेत राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरिअसचेही तसेच आहे. बासुंदी, पनीर, खव्याची मिठाई यांना उघड्या हाताने हाताळले आणि ती बाहेर राहिली की तो आपले विष सोडतो, आणि तेही उष्णतेला दाद देत नाही. चोर पकडून नेला तरी त्याने विहिरीत टाकलेले विष विहिरीतच राहते. शिळ्या कढीला ऊत आणून ती ताजी होत नाही, हे म्हण करणाऱ्याला जंतुशास्त्र न शिकताही ठाऊक होते.

‘घरी आम्ही फोडणीचा भात खातोच की’

मीही खातो, आणि कुस्कराही आवडीने खातो. पण घरचा रात्रीचा भात लहान भांड्यातला असतो, लवकर निवतो, बहुतेक घरांत आता फ्रिजमध्ये जातो, आणि तो कधी शिजला हे खाणाऱ्याला माहीत असते. पोट बिघडलेच तर चार जणांचे बिघडते आणि कोपऱ्यावर डॉक्टर असतो. समारंभातला भात दीडशे जणांच्या ताटात जातो. त्या दीडशेंत लहान मुले असतात, म्हातारी माणसे असतात, आधीच अशक्त असलेली माणसे असतात, आणि जुलाबाच्या एका दिवसाने ज्यांची मजुरी बुडते अशीही असतात. शिवाय त्यांना भात कधी उतरला हे विचारण्याची सोय नसते. जे समोर येते ते घ्यायचे किंवा उपाशी राहायचे, एवढीच निवड असते. म्हणून तो प्रश्न त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी विचारावा लागतो.

‘फुकटच तर देतो आहोत, मग कायदा कशाला?’

कायद्यात ‘अन्न व्यवसाय’ या शब्दाची व्याख्या करताना नफ्यासाठी असो वा नसो, असे स्पष्ट म्हटले आहे. असुरक्षित अन्नाबद्दलच्या शिक्षेचे जे ५९ वे कलम आहे, त्यात बनवणे, साठवणे, विकणे यांच्याबरोबर वाटणे हाही शब्द आहे. परवाना आणि नोंदणीच्या २०११ च्या नियमांत तर लहान अन्न व्यावसायिकाच्या व्याख्येत धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्याचाही समावेश आहे. म्हणजे गणेशोत्सवातला भंडारा करणारे मंडळही या कक्षेबाहेर नाही. हे ऐकून अनेक कार्यकर्त्यांचे चेहरे उतरतात, पण नोंदणी ही मोठी अडचण नाही. ती ऑनलाइन होते आणि लहान व्यावसायिकासाठी तिचे शुल्कही किरकोळ असते.

समारंभाच्या बाबतीत यजमानाला सहसा वेगळे काही काढावे लागत नाही, कारण तिथे अन्न व्यावसायिक हा केटरर असतो आणि त्याच्याकडे चौदा आकडी परवाना क्रमांक असायला हवा. अन्न नेणाऱ्या संस्थेनेही नोंदणी किंवा परवाना घेतलेला असला पाहिजे, अन्न तिने विनामूल्यच वाटले पाहिजे, आणि काय, किती, कोणाकडून घेतले व कुठे वाटले याची नोंद ठेवली पाहिजे. यावर देखरेख करण्यासाठी राज्याच्या अन्नसुरक्षा आयुक्तांनी समिती नेमायची असते. इंदुरात एक गंमत होते : आपण मराठीत अन्न सुरक्षा अधिकारी म्हणतो आणि कचेरीच्या पाटीवर ‘खाद्य सुरक्षा अधिकारी’ असते, मराठी अर्थाने वाचले तर हे खाते फक्त खाद्यपदार्थांचे, भाताशी त्यांचा काय संबंध, असे आमच्या काकांना काही काळ खरेच वाटत होते.

‘चांगुलपणा करायला जाऊन आपणच अडकलो तर?’

ही भीती निराधार नाही. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास ५९ व्या कलमात किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान १० लाख रुपये दंड आहे, आणि ६५ व्या कलमाखाली मृताच्या वारसांना किमान ५ लाख रुपये भरपाई द्यावी लागते. याच भीतीपोटी अनेक हॉटेले उरलेले सरळ कचऱ्यात टाकतात आणि निर्धास्त होतात.

अमेरिकेने या भीतीवर १९९६ मध्ये कायदाच केला. सद्हेतूने दिलेल्या अन्नाबद्दल, घोर निष्काळजीपणा नसेल तर, देणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, असे तो सांगतो. फ्रान्सने २०१६ मध्ये उलट्या बाजूने हात घातला आणि ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटांना न विकलेले खाण्याजोगे अन्न नष्ट करण्यास बंदी केली. आपल्याकडे ८० व्या कलमात असा बचाव आहे की आरोपीने सर्व वाजवी खबरदारी आणि योग्य ती दक्षता घेतली होती हे सिद्ध झाले, तर तो ग्राह्य धरता येतो. पण दक्षता तोंडाने सिद्ध होत नाही. पदार्थ किती वाजता उतरला, देताना किती तापमानाला होता, किती वाजता कोणाच्या हाती दिला, हे वहीत लिहिलेले असेल तरच ती सिद्ध होते. त्या तरुणाने थर्मामीटरचा आकडा वाचून वहीत टिपला, तेव्हा काकांना तो आपला पंचनामा वाटला. प्रत्यक्षात ती नोंद जितकी त्याच्या संस्थेच्या बचावाची होती तितकीच आमच्या केटररच्याही.

पुड्यांवरच्या तारखांविषयी थोडेसे

बंद पाकिटातल्या मालाचे काम सोपे आहे, फक्त दोन तारखा एक समजू नयेत. ‘यापूर्वी वापरा’ किंवा ‘एक्सपायरी’ ही सुरक्षिततेची मर्यादा आहे. ती उलटलेला माल ना विकता येतो ना देता येतो. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची हमी आहे : त्या तारखेनंतर बिस्किट कदाचित तितके कुरकुरीत राहणार नाही. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी पहिली तारीख अनिवार्य आणि दुसरी ऐच्छिक केली आहे. दुकानदाराने मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी खोके आणून टाकणे हे दान नव्हे, कचरा उचलण्याची मजुरी वाचवणे आहे. वाटायला आणि खायला दिवस शिल्लक हवेत.

इंदुरात ओल्या कचऱ्याची सोय आहे, मग एवढी धडपड का?

२०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या शहरात हा प्रश्न स्वाभाविक आहे. देवगुराडियाला फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवून बायो-सीएनजी तयार करू शकतो. आमच्या मुंजीतला मसालेभातही बहुधा तिकडेच गेला, आणि त्याच्या गॅसवर एखादी सिटी बस चार पावले चालली असेल. जमिनीत कुजून मिथेन हवेत जाण्यापेक्षा हे शतपटीने बरे. पण तांदूळ, पाणी, तूप, काजू आणि सहा आचाऱ्यांची पहाट खर्चून गॅस बनवणे हा फार महागडा गॅस झाला. कचरा-व्यवस्थापनातही क्रम असा मानतात की आधी उरूच देऊ नये, उरले तर माणसांना, मग जनावरांना, आणि शेवटी खत किंवा गॅस.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले ६० टक्के घरांतले, २८ टक्के हॉटेल व केटरिंगमधले आणि १२ टक्के दुकानांतले. भारतीय घरांसाठी त्यांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोंचा आहे. म्हणजे मंगल कार्यालयाकडे बोट दाखवताना आपल्या ओट्याकडेही पाहावे लागेल. तिथे मात्र ना नियमावली पोहोचते ना थर्मामीटरवाला मुलगा.

मग करायचे काय?

आमची मुख्य चूक फोनच्या वेळेत होती. पावणेतीनला शेवटची पंगत बसली तेव्हाच शंभरेक पाने कमी होणार हे वाढप्यांना दिसत होते, पण आम्ही ‘आधी सगळे उरकू द्या’ म्हणत दीड तास घालवला. उरलेल्याचा निर्णय उरल्यावर घेतला की तो बहुतेक वेळा शिळ्याचा निर्णय होतो. संस्थेशी बोलणे आठवडाभर आधी व्हायला हवे, केटररच्या ठरावातच उरलेल्याचे काय करायचे हे लिहिलेले हवे, आणि भात एकदम न उतरवता पंगती पाहून दोन-तीन घाण्यांत शिजवायला हवा. निवडलेले तांदूळ कच्चे उरले तर ते कोणालाही, कधीही देता येतात. त्यांना घड्याळ नसते.

मार्गशीर्षात काकांची पंच्याहत्तरी झाली. केटरर तोच होता. दीड वाजता त्याच्या माणसाने स्वयंपाकघरातून दोन झाकणबंद उष्णतारोधक डबे बाजूला काढले आणि त्यांवर चिकटपट्टी लावून मार्करने लिहिले : मसालेभात, शाकाहारी, उतरवला १२.४०. सव्वादोनला संस्थेची गाडी आली, तोच मुलगा होता, त्याने थर्मामीटर खुपसला. आकडा वाचायच्या आधी काकाच वाकून पाहू लागले. ६६ होता. “लिहून घे,” ते त्याला म्हणाले, आणि मग मठ्ठ्याच्या पिंपाकडे बोट दाखवून विचारले, “हा?” मुलाने मान हलवली. काकांनी एक पेला स्वतःसाठी भरून घेतला.